देवी गेल्या, मग शिक्षा माफ कुणी केली?



देव आहे, तो दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर मग रोग का आहेत? तान्ह्या पोराला यातना का? हा प्रश्न फार जुना आहे आणि प्रत्येक धर्माने त्याची काही ना काही उत्तरं दिलेली आहेत. त्या उत्तरांची आज आपण तपासणी करणार आहोत. तपासणी म्हणतो आहोत, टिंगल नव्हे. ही उत्तरं ज्यांनी दिली ती माणसं आपल्यापेक्षा कमी बुद्धीची नव्हती, आणि त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मृत्यू डोळ्यांसमोर पाहिले होते. देव आहे की नाही हाही आजचा विषय नाही. देव मानला, तरी ही उत्तरं टिकतात का, एवढंच आपण पाहायचं आहे.

असे विषय हवेत बोलले की सगळंच खरं वाटायला लागतं. म्हणून आम्ही एक रोग निवडला आहे. मराठीत त्या रोगाचं नावच मुळी 'देवी' आहे.

बघा, ताप भरतो, खोकला होतो, पण देवी 'येतात'. हे बहुवचन अंगावरच्या फोडांचंही असेल आणि आदराचंही असेल. ज्या घरात देवी आल्या, तिथे फोडणी द्यायची नाही, मांस-मच्छी शिजवायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, अंथरुणाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवायचा, हे नियम आपल्या आजी-पणजींना पाठ होते. शीतलादेवीची देवळं देशभर आहेत, मुंबईत माहीमला आहे. गाढवावर बसलेली, हातात केरसुणी घेतलेली ही देवता. तिचं नावच 'शीतला', थंडावा देणारी. अंगाची आग करणाऱ्या रोगाच्या देवतेला हे नाव देण्यात आर्जव आहे : बाई, शांत हो.

आता रोग काय होता ते बघू. देवीचा जो उग्र प्रकार होता, त्यात लस न टोचलेल्या दर दहा रुग्णांपैकी साधारण तीन मरत. जे वाचत त्यांच्या तोंडावर जन्मभराचे वण राहत, कित्येकांचे डोळे जात. एकट्या विसाव्या शतकात या रोगाने सुमारे ३० कोटी माणसं मेली असा अंदाज दिला जातो. आणि मग, ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की हा रोग पृथ्वीवरून गेला.

ही तारीख लक्षात ठेवा. दुःखाच्या बहुतेक धार्मिक स्पष्टीकरणांना परीक्षेला बसवता येत नाही, कारण दुःख चालूच असतं. इथे मात्र एक दुःख संपलं. तेव्हा ते संपल्यावर स्पष्टीकरणाचं काय झालं, हे विचारता येतं.

पहिलं उत्तर, शिक्षेचं. लोकांनी पाप केलं म्हणून देव कोपला. हे उत्तर सगळ्या धर्मांत सापडतं. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात यावर एक विलक्षण प्रकरण आहे, जनपदोद्ध्वंसाचं, म्हणजे अख्खे प्रदेश उद्ध्वस्त करणाऱ्या साथींचं. तिथला प्रश्न अगदी आजचा वाटावा असा आहे : प्रत्येकाची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, तरी सगळे एकाच वेळी, एकाच रोगाने कसे मरतात? उत्तर असं की वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांना समान असतात, त्या बिघडल्या की सगळे आजारी पडतात. इथपर्यंत तर एखाद्या आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल वाचतो आहोत असं वाटतं. पण पुढची पायरी येते. या चारही गोष्टी बिघडतात कशाने? तर अधर्माने. चरकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, की तो अधर्माची सुरुवात राज्यकर्त्यांपासून होते असं म्हणतो. पण मरतं कोण? मरतो तो गावातला मुलगा.

शिक्षेच्या उत्तराची खरी अडचण इथेच आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. महात्मा गांधींनी म्हटलं की अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. हेतू किती चांगला होता! अस्पृश्यता जावी म्हणून जीव तोडून फिरणारा माणूस बोलत होता. तरीही रवींद्रनाथ ठाकूर यांनी लेखी निषेध केला, आणि गांधींचा मोठेपणा असा की त्यांनी तो आपल्याच 'हरिजन'मध्ये, आपल्या उत्तरासह छापला. रवींद्रनाथांच्या म्हणण्याचा आशय असा : निसर्गातल्या घटनांना नैतिकतेशी असं बांधलंत, तर तुमचे विरोधकही तेच करतील. आणि ते होणारच होतं. अस्पृश्यता मोडल्याबद्दलच देव कोपला असं सनातन्यांना म्हणायला कोणी अडवलं होतं? शिक्षा झाली म्हणता, पण आरोपपत्र कुठे आहे? ते ज्याच्या हातात लेखणी तो लिहितो. आणि त्या भूकंपात सवर्णांची घरं निवडून पडली नव्हती. ज्यांच्यावर ते पाप होत आलं, तेही त्याच ढिगाऱ्याखाली होते.

दुसरं उत्तर यापेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे, कर्माचं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वैषम्य आणि नैर्घृण्य हे दोन शब्द येतात : पक्षपात आणि निर्दयपणा. ईश्वरावर हे दोन्ही आरोप होऊ शकतात, हे सूत्रकाराने आधीच ओळखलं आहे. त्याला घाबरून त्याने प्रश्न दडवला नाही, हे त्याचं श्रेय. उत्तर असं की ईश्वर ज्याच्या-त्याच्या कर्माला धरून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात : पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, भात उगवायचा की जव, हे बियाण्यावर ठरतं. मग शंका येते की सृष्टीच्या अगदी सुरुवातीला कर्म कुठून आलं? उत्तर : सुरुवात नाहीच, संसार अनादी आहे.

तर्क म्हणून हे घट्ट आहे. आमची हरकत दुसऱ्या ठिकाणी आहे. समजा सावकाराने तुमच्यासमोर बिल ठेवलं. तुम्ही विचारलं, कर्ज कधी घेतलं? तो म्हणाला, मागच्या जन्मी. तुम्ही म्हणालात, मला आठवत नाही. तो म्हणाला, आठवायचं नसतंच. तुम्ही विचारलं, वही दाखवा. तो म्हणाला, वहीला पहिलं पान नाही. असा हिशेब आपण कुणाशी व्यवहारात मान्य करू का? तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत देवीचे फोड आले आणि त्याची दृष्टी गेली. त्या मुलाला काय शिकायचं आहे यातून? जी शिक्षा कशाबद्दल आहे हेच कळत नाही, तिने सुधारणा कशी होणार?

आणि हे उत्तर फक्त रोगापुरतं थांबलं नाही. हेच उत्तर जातीसाठी दिलं गेलं, दारिद्र्यासाठी दिलं गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतकर्माच्या सिद्धांतावर नेमकं इथे बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा असा की गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा उपयोग दिसत नाही. ही टीका बाहेरून आणलेली नाही. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाचं सुत्त आहे. तो बुद्धाला विचारतो, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं म्हणणं काय? बुद्ध आठ कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतूतला बदल, आचरणातली हयगय, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. म्हणजे कर्म आहे, पण आठातलं एक. सगळं त्यावरच ढकलणारे लोक जे स्वतः अनुभवाने कळतं आणि जे जगाला ठाऊक आहे, त्याच्याही पलीकडे जातात. कर्म मानणारा माणूससुद्धा किती सावध राहू शकतो, याचं हे उदाहरण आहे.

तिसरं उत्तर, परीक्षेचं. देव आवडत्या भक्ताला कसोटीला लावतो. आपल्याकडे हरिश्चंद्र आहे, तर यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत ईयोब आहे. ईयोब हा सज्जन माणूस. त्याची गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर गळवं झाली. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र त्याला भेटायला येतात. सुरुवातीला सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि बोलत नाहीत. आमच्या मते त्या तिघांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. नंतर ते तोंड उघडतात आणि त्याला पटवायला लागतात की तुझ्या हातून पाप झालेलं असणार. ईयोब ऐकत नाही. तो देवाशी भांडतो. आणि ग्रंथाच्या शेवटी देव कोणाला दोष देतो? त्या तीन मित्रांना! माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला, असा तो निकाल. देवाची वकिली करणारे हरले आणि देवावर फिर्याद करणारा जिंकला. धर्मग्रंथातच हे लिहिलेलं असताना पुढची दोन-अडीच हजार वर्षं लोक त्या मित्रांचीच भाषणं का देत राहिले, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आणि या ईयोबाचा आपल्या देवीच्या रोगाशी थेट संबंध आला. १७२२ साली लंडनमध्ये एडमंड मॅसी या धर्मोपदेशकाने देवी टोचण्याविरुद्ध प्रवचन दिलं. जेन्नरची लस अजून यायची होती. त्या काळी देवीच्याच फोडातला पू टोचून सौम्य रोग आणत असत. मॅसीने आधार घेतला ईयोबाचा. ईयोबाच्या अंगावरची गळवं म्हणजे सैतानाने त्याला टोचलेल्या देवीच, असा त्याचा तर्क. रोग देव पाठवतो, श्रद्धेच्या परीक्षेसाठी किंवा पापाच्या शिक्षेसाठी, तेव्हा त्याला अडवणं हे पाप, असं त्याचं म्हणणं.

आता याच्या एकच वर्ष आधी, १७२१ मध्ये, बॉस्टनला काय झालं ते पाहा. तिथे देवीची साथ आली. कॉटन मॅदर हा कडवा प्युरिटन धर्मगुरू. त्याच्या घरातल्या ओनेसिमस या आफ्रिकी गुलामाने त्याला सांगितलं होतं की आमच्याकडे देवी टोचतात. मॅदरने डॉक्टरांच्या मागे लागून टोचणी सुरू करवली. लोक इतके भडकले की त्याच्या घरात बॉम्ब टाकला गेला. त्या साथीत सुमारे सहा हजार माणसांना रोग झाला आणि ८४४ दगावली, म्हणजे सातात एक. टोचलेल्या सुमारे अडीचशेंपैकी ६ दगावली. आता सांगा, मॅसी आणि मॅदर दोघेही त्याच देवाचे, त्याच बायबलचे. एकाला रोगात परीक्षा दिसली आणि त्याने हात बांधायला सांगितले. दुसऱ्याने गुलामाचं ज्ञान ऐकलं आणि हात हलवले. श्रद्धा समान, मग फरक कशात? रोगाचा अर्थ सांगण्याच्या हट्टात.

आपल्याकडेही दोन्ही धागे होते, हे विसरू नका. बंगालमध्ये टीकादार गावोगाव फिरून देवी टोचत आणि त्याबरोबर देवीची पूजाही करत. हॉलवेलने १७६७ साली त्याचं वर्णन छापलं आहे. म्हणजे शीतला मानणं आणि उपाय करणं यांत मूळचं वैर नव्हतं. शीतलेच्या उत्तराबद्दल आम्हाला थोडी आपुलकीही वाटते. 'तू पापी आहेस' असं ते रुग्णाला म्हणत नाही. घरात पाहुणी आली आहे, शांत राहा, एवढंच म्हणतं. पण पाहुणीला हाकलायचं कसं, या भीतीने कित्येक घरांनी लस नाकारली, हेही तितकंच खरं. आणि पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडायची रीत होती. गावाचं समाधान झालं. पण शिवेपलीकडे दुसरं गाव असतं.

चौथं उत्तर : देवाची लीला अगम्य आहे, आपल्याला कळणार नाही. याची सर्वांत कसून तपासणी एका कादंबरीत झाली आहे. आल्बेर काम्यूची 'द प्लेग', १९४७ सालची. त्यात पानलू नावाचे पाद्री आहेत. प्लेग सुरू झाल्यावर ते गावाला प्रवचन देतात : ही आपत्ती तुमच्यावर आली आणि तुम्ही तिला पात्र होता. पुढे तेच पानलू डॉक्टर रियोबरोबर एका लहान मुलाचं मरण पाहतात. त्यानंतर ते दुसरं प्रवचन देतात. आता शिक्षेचं नाव नाही. आता म्हणणं असं की सगळं स्वीकारा किंवा सगळं नाकारा. आणि काम्यूने एक बारीक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे : या खेपेला पानलू 'तुम्ही' म्हणत नाहीत, 'आपण' म्हणतात.

आमच्या मते संपूर्ण विषयाची किल्ली या सर्वनामात आहे. शिक्षा, प्रारब्ध, परीक्षा, ही उत्तरं बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दुःखाबद्दल दिली जातात. आपल्या मुलाच्या खाटेशी बसलेला बाप क्वचितच म्हणतो की याने मागच्या जन्मी पाप केलं. ते शेजारी म्हणतो. पानलूंचं मोठेपण असं की ते 'आपण'वर आले. पण सगळं स्वीकारायचं ठरवल्यावर ते स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनी डॉक्टर नाकारला, आणि ते गेले. अगम्यतेचं उत्तर प्रामाणिक आहे, कारण त्यात कळल्याचा आव नाही. पण त्यातून 'म्हणून काही करू नका' असं काढलं, की ते मॅसीच्या रांगेत जाऊन बसतं.

आता १९८० कडे येऊ. १७९६ मध्ये जेन्नरने लस शोधली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला ती टोचली गेली. व्हिएन्नाहून बगदाद, बसरा करत, या दंडावरून त्या दंडावर असा प्रवास करून ती इथे पोहोचली होती. पुढे आपल्या खेड्यापाड्यांत 'देवीडॉक्टर' फिरले. १९७४ साली बिहारमध्ये भयंकर साथ आली, आणि तरी १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला. १९७७ मध्ये सोमालियात जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण.

मग विचारू या. ती शिक्षा होती, तर १९७७ पर्यंत माणूस इतका सुधारला का? तसं तर दिसत नाही. पूर्वकर्म होतं, तर कोट्यवधी जीवांचं तेच एक कर्म एकाच दशकात फेडून झालं का? परीक्षा होती, तर परीक्षा कुणी रद्द केली?

इथे कुणी म्हणेल, लस हीसुद्धा देवाचीच कृपा. म्हणा, आमची हरकत नाही. पण मग ही कृपा अमेरिकेत १९४९ नंतर देवीचा रुग्ण दिसू देत नाही आणि बिहारला आणखी पंचवीस वर्षं थांबवते, याचं कारण द्यावं लागेल. ते कारण आपल्याला ठाऊक आहे. पैसा, रस्ते, बर्फाशिवाय टिकणारी कोरडी लस, घरोघर जाणारे कर्मचारी. जिथे खरं कारण हाताला लागतं, तिथे कृपा आणि कोप हे शब्द निदान स्पष्टीकरण म्हणून तरी वापरायचं कारण उरत नाही.

हे सगळं इतिहासजमा झालं, आज याची काय गरज, असं वाटत असेल तर कुष्ठरोगाकडे बघा. आपण त्याला 'महारोग' म्हटलं आणि गेल्या जन्मीच्या पापाशी जोडलं. १८७३ मध्ये हान्सेनने त्याचा जंतू शोधला. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. पण चट्टा दिसला की माणूस तो लपवतो. का लपवतो? जंतूची लाज कुणाला वाटत नाही, पापाची वाटते. लपवल्याने उशीर होतो, उशिराने बोटं वाकडी होतात, पायाला जखमा होतात, आणि मग तेच गाव बोट दाखवतं : बघा, पापाचं फळ! स्पष्टीकरणच विकृती घडवतं आणि तीच विकृती पुरावा म्हणून पुढे करतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं. पापाची कल्पना अशी कायद्याच्या पुस्तकापर्यंत तग धरून राहते.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. आधार आणि स्पष्टीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणाईताच्या उशाशी बसून कुणी नामस्मरण करत असेल, नवस बोलत असेल, त्यातून त्याला रात्र काढायचं बळ मिळत असेल, तर ते काढून घ्यायचा अधिकार आम्हाला नाही. पण 'हे तुझ्याच वाट्याला का आलं, ते मी सांगतो' असं म्हणणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार आपल्या प्रत्येकाला आहे, आणि देव मानणाऱ्यांना तो अधिक आहे. ईयोबाचा ग्रंथ त्यांच्याच बाजूने साक्ष देतो.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. फुले दांपत्य निर्मिक मानणारं होतं, नास्तिक नव्हतं. ते मूल कोणत्या जातीचं, कोणत्या कर्माचं, हे विचारण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. दवाखाना किती दूर आहे, एवढाच हिशेब त्या वेळी महत्त्वाचा होता.

तेव्हा उद्या शेजारच्या घरात मूल आजारी पडलं आणि तिथे जायची वेळ आली, तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा आणि आठव्या दिवशी तोंड उघडण्याआधी विचारा : औषध आणलंय का, रिपोर्ट कधी मिळणार आहे, रात्री कोण थांबणार आहे? या प्रश्नांची उत्तरं आपल्याला देता येतात.